अबोल मनांना संवादाचा आधार

घरातील एखादी व्यक्ती हळूहळू कोणात मिसळेनाशी होते. कुटुंबीय तिला एकलकोंडी समजून सोडून देतात. तीच व्यक्ती रात्री भ्रमणध्वनीवरून आपल्यासारख्याच अनोळखी माणसांजवळ मन मोकळे करीत असते. कर्जत व खालापूर तालुक्यांतील गावांतही हे साधन घरोघरी पोहोचले आहे. त्याचे लाभ आणि धोके गावाने समजून घेणे अगत्याचे आहे.

समदुःखी व्यक्तींच्या संवादाने दिलासा मिळतो व मदत मागण्याचा संकोच कमी होतो. परंतु बोलणारे सर्वच निराश असतील, तर निराशेलाच दुजोरा मिळतो; आत्महत्येच्या मार्गांची चर्चा सुरू झाल्यास जोखीम अधिकच वाढते. म्हणून असा संवाद उपचाराची जागा घेऊ शकत नाही. तो उपचारापर्यंत नेणारा पूल ठरला पाहिजे.

मनाच्या आजारावर उपचार होऊ शकतात, याचे उदाहरण कर्जत येथेच आहे. डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या 'श्रद्धा' या संस्थेच्या येथील केंद्रात रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना स्वगृही पोहोचविले जाते. या कार्याबद्दल डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार लाभला. घरापासून दुरावलेला माणूस जर परत येऊ शकतो, तर घरात राहून दुरावलेल्या माणसाबाबत आशा सोडण्याचे कारण नाही.

केंद्र शासनाची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन यांची जबाबदारी शासनावर सोपविली आहे.

शिक्षक, पंचायत सदस्य व आशा सेविका यांनी अशा व्यक्तीची आपुलकीने विचारपूस करावी. 'जीव नकोसा वाटतो का?' असे स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. भ्रमणध्वनी हिसकावून घेऊ नये, कारण कित्येकदा तोच जगाशी उरलेला एकमेव दुवा असतो. कीटकनाशके कुलुपात ठेवावीत. धोका तातडीचा वाटल्यास त्या व्यक्तीस क्षणभरही एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे.

ऐकून घेणारा एक माणूस प्रत्येक वाडीत असावा, ही अपेक्षा मोठी नाही. ती पूर्ण करणे गावाच्याच हाती आहे.