तेलाचा हात आणि वजनकाटा

आमच्या चौलमध्ये नारळाची वानवा नाही. त्यामुळे तान्ह्या बाळाला खोबरेल लावून चोळायचं की नाही, हा प्रश्न इथल्या आज्यांना कधी पडला नाही. याच किनाऱ्यावरचे बेने इस्रायली घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांचं नावच 'शनवार तेली' पडलं. प्रश्न पडतो तो मुंबईहून बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला. "आई, यानं खरंच काही होतं का गं?" असं ती विचारते. मला तिचा प्रश्न रास्त वाटतो.

बाळ शांत झोपलं, हा काही पुरावा नव्हे. मोजायला हवं. आणि मोजायचं तर गुण हाताचा की तेलाचा, हेही वेगळं काढायला हवं.

१९८६ साली अमेरिकेत मायामी इथं टिफनी फील्ड यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दहा दिवस, रोज तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं चोळलं, हातपाय हलवले. दूध इतर बाळांइतकंच. पण वजन ४७ टक्के अधिक वाढलं. पुढं हृदयाचे ठोके आणि जठराची हालचाल यंत्रानं टिपली. बेताचा दाब दिला की मेंदूतून पोटाकडे जाणारी व्हेगस नाडी जागी होते आणि जठर जोमानं काम करतं. नुसत्या हलक्या स्पर्शानं हे होत नाही. आपल्या न्हाऊ घालणाऱ्या बायकांचा हात जड का, ते इथं कळतं!

आता तेल. मुंबईच्या शीव रुग्णालयातला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. बाळांचे तीन गट केले. एकाला खोबरेल, दुसऱ्याला खनिज तेल, तिसऱ्याला नुसती पावडर लावून दिवसातून चारदा मालिश. घरी गेल्यावर आईनं, एकतिसाव्या दिवसापर्यंत. हात तिघांनाही सारखाच. तरी १५०० ते २००० ग्रॅमच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत खोबरेलवाल्यांचं वजन सर्वांत वेगानं वाढलं. एवढ्याशा जिवाला रोजचे चार ग्रॅमही मोलाचे असतात.

मोठ्यांच्या मालिशीबद्दल मात्र जपून बोलावं. तिनं ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, खूप उतरतं असं सांगितलं जाई. २०११ सालच्या आढाव्यात हा परिणाम अगदी किरकोळ निघाला. सकाळनंतर ते एरवीही उतरतंच.

आणि नाका-कानात तेल सोडू नये. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं.