बोअरचं पाणी आणि भाच्याची बाटली

फर्स्ट इयरला ईडीटीए टायट्रेशनने पाण्याचा हार्डनेस काढताना वाटायचं, ‘हे कुठं कामाला येणार?’ उत्तर सुट्टीत किल्लारीला, घरीच मिळालं.

ताई बाळंतपणाला आलेली. भाच्याच्या बाटल्यांचं स्टरलायझर मध्येच बंद पडायचं, तळाला पाणी तसंच. “बघ रे, इंजिनिअर होणार ना तू!”

झाकण काढलं तर प्लेटवर पांढरा थर! आमच्याकडे जमिनीखाली काळा बेसाल्ट. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम बोअरच्या पाण्यात उतरतं. पाणी उकळलं की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊन तळाला चिकटतं. हा थर उष्णता अडवतो. मग प्लेट जादा तापते, थर्मोस्टॅट लवकर तोडतो आणि बाटल्यांना पुरेशी वाफच मिळत नाही.

आई सुरीने खरवडायला निघाली, तिला थांबवलं. प्लग काढला, मशीन गार होऊ दिलं. २०० मिलि पाण्यात १० ग्रॅम लिंबूसत्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, विरघळवून प्लेटवर ओतलं. फसफस सुरू! तो कार्बन डायऑक्साइड. अर्ध्या तासाने धुऊन, साधं पाणी घालून एकदा रिकामंच चालवलं.

मित्रांनो, एक मात्र लक्षात ठेवा: बाटली आधी साबण-ब्रशने घासायचीच. वाफ जंतू मारते, चिकटलेलं दूध काढत नाही.