घरच्या शुश्रूषेचा दर कसा ठरतो?

अमेरिकेत ‘मेडिकेअर’ या सरकारी आरोग्यविम्यातून घरी नर्स पाठवणाऱ्या संस्थेला २०२० पासून ३० दिवसांच्या टप्प्यासाठी ठरावीक रक्कम मिळते. मुख्य आजार, जोडीचे आजार, रुग्ण रुग्णालयातून आला की घरीच होता, अंघोळ-कपडे-चालणे त्याला कितपत जमते, यांवरून त्याला ४३२ पैकी एका गटात बसवतात. चिघळलेल्या जखमेची मलमपट्टी लागणाऱ्या रुग्णाचा दर सहसा जास्त असतो. मग स्थानिक वेतनमानानुसार रक्कम कमी-जास्त होते. भेटी फारच थोड्या झाल्या, तरच भेटीगणिक पैसे मिळतात. पूर्वी थेरपीच्या भेटी वाढल्या की रक्कम वाढे; ती पद्धत बंद झाली, हे योग्यच झाले. मात्र दर तुटपुंजा ठेवला, तर नर्स टिकत नाहीत आणि हाल रुग्णाचेच होतात.