विश्लेषण : ॲल्युमिनियमची सायकल फ्रेम वेल्डिंगनंतर पुन्हा का तुटते?

सायकलची ॲल्युमिनियम फ्रेम तडकली की बहुतेक जण थेट आर्गन वेल्डिंगवाल्याकडे जातात. वेल्ड छान दिसतो, सायकल चालू लागते. मग काही आठवड्यांनी फ्रेम पुन्हा तुटते, पण वेल्डवर नाही, त्याच्या शेजारी. दोष वेल्डरच्या हाताचा असेलच असं नाही.

शेजारीच का?

फ्रेमसाठी ६०६१ हा मिश्रधातू सर्रास वापरतात. त्यातल्या मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर विखुरलेले असतात. ताकद येते ती या कणांमुळे. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतच्या पट्ट्यात हे कण मोठे होतात किंवा विरघळतात. ‘टी-६’ अवस्थेतला ६०६१ सुमारे २७५ मेगापास्कलपर्यंत कायमचा वाकत नाही. पूर्ण मऊ केलेला तोच धातू ५५च्या आसपास हार मानतो. जोडाशेजारचा पट्टा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि खड्ड्यांचे सगळे धक्के तिथेच साचतात.

ताकद परत कशी आणतात?

कारखान्यात अख्खी फ्रेम भट्टीत सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवतात. कण विरघळले की लगेच पाण्यात बुडवतात. इथे आपली समजूत उलटी पडते. लोहार विळ्याला पाणी देतो तेव्हा पोलाद कडक होतं. हा धातू मात्र पाण्यातून मऊ निघतो. पाण्यात फ्रेम थोडी वाकडी होतेच, ती याच वेळी सरळ करून घेतात. नंतर १६० ते १७५ अंशांवर कित्येक तास ‘एजिंग’ होतं आणि कण हव्या त्या आकारात पुन्हा तयार होतात. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू नुसता ठेवूनही कडक होतो, हे जर्मनीच्या आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये दिसलं होतं. सगळ्याचं मूळ तिथे आहे.

मग गॅरेजमध्ये जमेल?

खरं सांगायचं तर नाही. ६०६१ साधारण ५८० अंशांना वितळायला लागतो, म्हणजे चुकायला जागा जेमतेम ५० अंशांची. त्यात ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडासारखं लाल होत नाही, त्यामुळे गॅसची ज्योत मारून अंदाज घेणं म्हणजे अंधारात तीर. घरच्या ओव्हनमध्ये नुसतं एजिंग केलं तर जिथले कण आधीच मोठे झालेत तिथे उपयोग शून्य.

भट्टीची सोय असली तरी रंग जाळावा लागतो, बेअरिंग काढावे लागतात. वेल्डिंगची सळईही महत्त्वाची : ५३५६ सळईचा वेल्ड अशा उपचाराने कडक होत नाही, ४०४३चा फारसा होत नाही.

७००५ची गोष्ट वेगळी. त्याला वेल्डिंगनंतर ५३० अंश आणि पाण्याची डुबकी लागत नाही. हवेत थंड करून एजिंग पुरतं. म्हणून आधी फ्रेमवरचा स्टिकर वाचा. तडा हँडलखालच्या नळीजवळ असेल तर मी स्वतः दुरुस्तीच्या फंदात पडणार नाही, फ्रेम भंगारात देईन. कॅरियर किंवा स्टँडच्या जोडाजवळ असेल, तर वेल्डरला पहिला प्रश्न विचारा : भट्टी कुठे आहे?