घोड्याच्या हृदयाची गती आणि औषधांची भाषा

औषधांचे वर्णन करताना ‘उत्तेजक’ आणि ‘शामक’ हे दोन शब्द आपण सहज वापरतो. ज्याने हृदयाची गती वाढते ते उत्तेजक व ज्याने ती मंदावते ते शामक, असा त्यामागील समज असतो. हा समज किती फसवा आहे, हे घोड्याच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते. भाषेच्या अभ्यासकाने ह्या विषयात लक्ष घालण्याचे कारणही हेच. कारण येथे शब्द चुकला तर त्याची किंमत प्राण्याला मोजावी लागते.

निरोगी, प्रौढ घोड्याचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटास सुमारे २८ ते ४० वेळा स्पंदन पावते. भरधाव दौडीत हीच संख्या २२० ते २४० पर्यंत जाते. ह्या विलक्षण फरकामागे मज्जातंतूंची दुहेरी व्यवस्था आहे. मेंदूपासून निघणारा व्हेगस मज्जातंतू ॲसेटिलकोलीन ह्या द्रव्याच्या द्वारे गती आवरतो. अनुकंपी मज्जातंतू नॉरॲड्रेनलीनच्या द्वारे ती वाढवितात. मज्जातंतूंचा हृदयाशी होणारा हा व्यवहार रासायनिक असतो, हे ओटो लोवी ह्यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दाखवून दिले. पहिल्या व्यवस्थेस लगाम आणि दुसरीस टाच म्हटले, तर विश्रांत घोड्याचा लगाम नेहमीच घट्ट ओढलेला असतो असे म्हणता येईल. तो इतका घट्ट असतो की हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेला संदेश कधीकधी खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नाही व एखादा ठोका गळतो. निरोगी घोड्यांतही हा प्रकार वारंवार आढळतो. घोडा चालू-धावू लागला की तो सामान्यतः नाहीसा होतो.

आता औषधांकडे वळू. ॲट्रोपीन हे द्रव्य बेलाडोना वनस्पतीपासून मिळते; आपल्याकडील धोत्र्यातही त्याच कुळातील विषारी द्रव्ये असतात. ॲट्रोपीन ॲसेटिलकोलीनच्या ग्राहींना अडविते. विश्रांत घोड्यास ते दिले असता गती वाढते. परंतु येथे टाच मारली गेलेली नसून लगाम सैल झालेला असतो. उलट, प्रोप्रॅनोलॉल हे औषध टाचेचा परिणाम अडविते. विश्रांत घोड्यात टाचेचा जोर मुळातच अल्प असल्याने त्याचा परिणाम फारसा दिसत नाही; दौडीत मात्र तो ठळकपणे दिसतो. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. औषध तेच असले तरी ते देताना प्राणी कोणत्या अवस्थेत होता, यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो.

घोड्यास शांत करण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या झायलाझीन व डेटोमिडीन ह्या औषधांचे कार्य अधिक गुंतागुंतीचे आहे. ती मेंदूत कार्य करून नॉरॲड्रेनलीनचा स्राव घटवितात. त्याच वेळी रक्तवाहिन्या आकुंचित करून आरंभी रक्तदाब वाढवितात. मानेतील व छातीतील मोठ्या धमन्यांमधील दाबसंवेदी केंद्रे ही वाढ मेंदूस कळवितात आणि व्हेगसचा लगाम आणखी ओढला जातो. म्हणजे मंदावलेली गती हे काही अंशी शरीराने वाढलेल्या दाबास दिलेले उत्तर असते. हे न ओळखता केवळ गती वाढविण्यासाठी ॲट्रोपीन दिले, तर वाहिन्या आकुंचितच राहून रक्तदाब धोकादायक मर्यादेपर्यंत चढू शकतो. शिवाय आतड्यांची हालचालही ॲसेटिलकोलीनवर अवलंबून असल्यामुळे ती थंडावते आणि पोटशूळ उद्भवण्याचा धोका निर्माण होतो. घोड्यास उलटी करता येत नाही. म्हणून त्याचा पोटशूळ प्राणघातकही ठरू शकतो.

याच्या नेमके विरुद्ध उदाहरण ॲसप्रोमाझीनचे आहे. ह्या औषधाने घोडा शांत होतो. परंतु रक्तवाहिन्या शिथिल होऊन दाब उतरतो आणि त्याची भरपाई करण्यासाठी हृदयाची गती वाढू शकते. प्राणी शांत आणि हृदय मात्र अधिक वेगवान, ही स्थिती ‘शामक’ ह्या एका शब्दात कशी मावणार?

म्हणून मराठीत ह्या विषयावर लिहिताना ‘गती वाढली’ किंवा ‘गती घटली’ एवढ्यावर थांबू नये. औषधाने कोणत्या ग्राहीवर कार्य केले, तो चेतविला की अडविला, आणि त्या वेळी प्राणी विश्रांत होता की श्रमलेला, ह्या तीन गोष्टी वाक्यात आल्याच पाहिजेत. मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही. लगाम सोडणे आणि टाच मारणे ह्यांतील भेद आपल्या भाषेने घोड्याच्या पाठीवरूनच शिकलेला आहे. शास्त्रीय लेखनातही तो तितक्याच काटेकोरपणे पाळला जावा.