राग काढला की जातो?

घरात कोणी भांडी आदळू लागले की एखादे वडीलधारे माणूस म्हणते, ‘काढू दे एकदाचा राग, मग होईल शांत.’ राग म्हणजे कुकरमधली वाफ, शिट्टी झाली नाही तर स्फोट होणार, ही आपली जुनी समजूत. तिला कधीकाळी शास्त्राचाही आधार होता. फ्रॉइड आणि ब्रॉयर यांनी १८९५ मध्ये दबलेल्या भावनांना वाट करून देणारी उपचारपद्धती मांडली. तिथून निघालेली कल्पना उशा बडवण्यापर्यंत आणि ‘रेज रूम’मध्ये पैसे मोजून बाटल्या फोडण्यापर्यंत येऊन पोचली.

प्रयोगांत मात्र ती टिकली नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांना मुद्दाम चिडवले. काहींना, ज्याच्यामुळे राग आला त्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले. काहींना नुसते बसवून ठेवले. ठोसे मारणारे अधिकच संतापलेले राहिले, बसून राहिलेले लवकर निवळले. २०२४ मध्ये सोफी क्यारविक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र तपासले. संथ श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणे यांनी राग उतरतो. तावातावाने पळायला गेल्याने उतरत नाही, असा निष्कर्ष निघाला.

कारण सरळ आहे. रागात अ‍ॅड्रेनलिन स्रवते, नाडी धावते, रक्तदाब चढतो. आदळआपट शरीराला त्याच अवस्थेत धरून ठेवते. झालेला प्रसंग मनात घोळवत बसणेही तेच करते. कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये निरोगी माणसांना रागाचा प्रसंग फक्त ८ मिनिटे आठवायला सांगितला. त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता पुढे ४० मिनिटांपर्यंत मंदावलेली होती.

मग गिळून टाकायचा का? तेही नाही. आठवडाभर धरलेला अबोला हाही रागच, फक्त आवाज नसलेला. जनांच्या वागण्याने उद्विग्न होऊन ज्ञानदेवांनी ताटी लावून घेतली, तेव्हा मुक्ताबाईंनी त्यांची समजूत काढून ती उघडायला लावली, असे परंपरा सांगते. ताटी कधीतरी उघडावीच लागते; प्रश्न एवढाच, की शरीर निवण्याआधी की नंतर.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी शरीर. श्वास सावकाश, लांब सोडायचा. ‘अर्ध्या तासाने बोलू’ असे सांगून खोलीबाहेर पडायचे. त्या अर्ध्या तासात बहिणीला फोन लावून तेच भांडण पुन्हा सांगत बसायचे नाही. मग विचार. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या उपचारपद्धतीत हाच गाभा आहे: समोरच्याने माझ्या मनासारखे वागले तर बरे, ही इच्छा झाली, त्याने तसे वागलेच पाहिजे, हा हट्ट झाला. इच्छा मोडली तर वाईट वाटते, हट्ट मोडला की डोके फिरते. बोलायचे ते शेवटी, आणि नेमके. ‘तू नेहमीच असा’ याऐवजी ‘उशीर होणार असेल तर फोन कर’.

अन्यायावर राग यायलाच हवा. त्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. पण रागात हात उचलला जात असेल, घरातली मुले आपल्याला घाबरत असतील, तर हे उपाय पुरणार नाहीत. तिथे तज्ज्ञांची मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, अहोरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.