वळण आणि विस्मरण : पॅट समिट यांची ३८ वर्षं

मागच्या खेपेला आपण सवय आणि सद्गुण यांचा विचार केला. ॲरिस्टॉटलचं म्हणणं आपण पाहिलं, की माणूस न्यायाने वागत वागत न्यायी होतो, धीटपणे वागत वागत धीट होतो. आधी गुण अंगी येतो आणि मग कृती घडते, असा क्रम नसतो. हे पटतं, पण जरा हवेतलं वाटतं. म्हणून आज एक अख्खं आयुष्य समोर ठेवून बघू या. हे आयुष्य एका बास्केटबॉल प्रशिक्षक बाईंचं आहे, अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक पॅट समिट यांचं. तत्त्वज्ञानवाल्यांनी बास्केटबॉलच्या कोर्टवर काय करायचं, असं कुणी म्हणेल. शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

त्यांचा जन्म १९५२ सालचा, टेनेसी राज्यातला. शेतकरी घर, तीन मोठे भाऊ, एक धाकटी बहीण. गाईंच्या धारा काढायच्या, गवत कापायचं, तंबाखूच्या शेतात राबायचं आणि रात्री गवताच्या माळ्यावर टांगलेल्या बास्केटपाशी भावांशी खेळायचं. जवळच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, तर वडिलांनी बिऱ्हाडच शेजारच्या गावी हलवलं. वडील अबोल आणि कडक होते. पण मुलीच्या खेळासाठी त्यांनी घर हलवलं, हे विसरू नका.

१९७४ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, त्या टेनेसी विद्यापीठात आल्या त्या साहाय्यक म्हणून. आधीच्या प्रशिक्षक अभ्यासरजेवर गेल्या आणि संघ यांच्या हाती आला. पगार महिना २५० डॉलर. संघातल्या काही मुली त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान. गाडी चालवायची स्वतः, मुलींचे गणवेश धुवायचे स्वतः. ते गणवेशही डोनट विकून जमवलेल्या पैशांतून आलेले. पहिला सामना हरल्या, ८४ विरुद्ध ८३, एका गुणाने.

इथे थोडी पार्श्वभूमी हवी. शिक्षणसंस्थांत मुलामुलींत भेदभाव करता येणार नाही, असा कायदा अमेरिकेत १९७२ साली झाला. ‘टायटल नाइन’ म्हणतात त्याला. पण कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी मैदान मिळत नाही. समिट स्वतः कॉलेजात खेळल्या तेव्हा मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती नव्हती. टेनेसीच्या शाळांतून तर १९७९ पर्यंत मुली सहा-सहा जणींचा खेळ खेळत. कोर्टच्या मधोमध एक रेषा. तीन मुलींनी रेषेच्या अलीकडे राहून फक्त बचाव करायचा, तिघींनी पलीकडे राहून फक्त बास्केट करायचे. रेषा ओलांडायची नाही. का, तर म्हणे पूर्ण कोर्टभर धावणं मुलींना झेपणार नाही. बघा हं, या नियमात एक अख्खं तत्त्वज्ञान दडलेलं आहे. तुम्ही कोण आहात हे आधीच ठरवून टाकायचं आणि मग तेवढीच सवय लावायची. अर्ध्या कोर्टची सवय लावली की मुलगी अर्ध्या कोर्टचीच होते. नंतर तिच्याकडे बोट दाखवून सांगता येतं, पाहा, हिला पूर्ण कोर्ट जमत नाही! समिट या नियमाविरुद्ध उघडपणे बोलल्या आणि पुढे तो बदलला.

आता कारकिर्दीचे आकडे, पटकन सांगतो आणि पुढे जातो. ३८ हंगाम, १०९८ विजय, २०८ पराभव. आठ राष्ट्रीय विजेतेपदं, त्यांतली तीन ओळीने १९९६, १९९७ आणि १९९८ ची. १९९७-९८ च्या हंगामात ३९ पैकी ३९ सामने जिंकले. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये खेळाडू म्हणून रौप्यपदक, तेही गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून उठून. १९८४ मध्ये अमेरिकेच्या संघाच्या प्रशिक्षक म्हणून सुवर्णपदक. एकही हंगाम असा नाही, की ज्यात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले.

पण आम्हा शिक्षकी पेशातल्या माणसांना थांबवतो तो आकडा वेगळाच आहे. त्यांच्याकडे खेळायची पूर्ण मुदत संपवलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली. प्रत्येक. नियम साधा होता. वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचं आणि तास बुडवायचा नाही.

आपल्याकडे ‘वळण लावणं’ हा फार सुंदर शब्दप्रयोग आहे. वेलीला वळण, अक्षराला वळण, पोराला वळण. वळण म्हणजे जबरदस्तीने वाकवणं नव्हे. वाढणाऱ्या गोष्टीला वाढतानाच दिशा देणं, ते वळण. ‘अभ्यास’ हा शब्द घ्या. मराठीत त्याचा अर्थ आता गृहपाठापुरता उरला आहे. पण योगसूत्रांत अभ्यास म्हणजे पुन्हापुन्हा, दीर्घकाळ, खंड न पाडता केलेला प्रयत्न. पहिल्या तीन रांगांत बसणं हा त्या अर्थाने अभ्यास आहे. मुलगी रोज पुढे बसते, म्हणून लक्ष द्यावं लागतं. लक्ष दिल्यामुळे समजतं, आणि समजू लागलं की एक दिवस तिला पुढे बसावंसंच वाटतं. नियम बाहेरून आलेला असतो, तो आत कधी गेला हे कळतही नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. ही शिस्त की धाक? समिट यांची नजर प्रसिद्ध होती. ती अंगावर पडली की भल्याभल्या खेळाडू गारठत. त्या ओरडत, मुलींकडून दमछाक होईपर्यंत मेहनत करवून घेत. ‘छडी लागे छमछम’ ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला तर हा प्रश्न टाळताच येणार नाही. धाकाने सुद्धा सवयी लागतात. मग फरक कुठे?

आम्हाला दोन कसोट्या दिसतात. पहिली, नियम लावणारा स्वतः त्या नियमाखाली उभा आहे का? समिट यांनी संघासाठी बारा तत्त्वं ठरवली होती. त्यांत बदल स्वीकारणं होतं, यश आणि अपयश सारख्याच वृत्तीने घेणं होतं. १९९८ नंतर नऊ वर्षं विजेतेपद आलं नाही. २०००, २००३ आणि २००४ साली अंतिम सामन्यात कनेटिकटने हरवलं. त्या काळातही त्या शिकत राहिल्या, आणि २००७ व २००८ साली पुन्हा जिंकल्या. दुसरी कसोटी, धाक दाखवणारा नजरेआड झाला की सवय टिकते का? धाकाने लागलेली सवय धाकाबरोबर जाते. वळण मात्र राहतं. समिट यांच्या मुली त्यांना ‘कोच’ म्हणत नसत, नुसतं ‘पॅट’ म्हणत. आणि त्यांतल्या कितीतरी पुढे स्वतः प्रशिक्षक झाल्या. जिथे नुसता धाक असतो, तिथून सुटलेली माणसं तोच पेशा सहसा निवडत नाहीत. अर्थात याने प्रत्येक ओरडण्याचं समर्थन होत नाही, हेही सांगून ठेवू.

आता अवघड भाग. २०११ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, समिट यांनी जाहीर केलं की आपल्याला अल्झायमरच्या प्रकारचा स्मृतिभ्रंश झाला आहे. आधी त्यांना वाटलं होतं, की संधिवातावरच्या औषधांमुळे विसरायला होतंय. निदान वेगळं निघालं. लपवता आलं असतं, निदान काही महिने तरी. त्यांनी लपवलं नाही. एक हंगाम आणखी केला, साहाय्यकांवर जास्त भार टाकून. २०१२ च्या एप्रिलमध्ये जबाबदारी सोडली ती हॉली वॉर्लिक यांच्या हाती. वॉर्लिक त्यांच्याच एके काळच्या खेळाडू. २०१६ च्या जूनमध्ये, ६४ व्या वर्षी, समिट गेल्या.

जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस म्हटलं, की माणूस ‘तोच’ राहतो तो त्याच्या जाणिवेच्या, स्मृतीच्या धाग्यामुळे. हे शब्दशः घेतलं तर फार क्रूर निष्कर्ष निघतो. ज्या बाईंना सामने आठवत नाहीत, त्या १०९८ सामने जिंकलेल्या बाई नव्हेतच! आपलं मन हे मानायला तयार होत नाही. ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेला आहे, त्यांचं तर नाहीच नाही.

मग लॉकचं कुठे चुकतं? त्याने माणूस एकाच डोक्यात शोधला. ॲरिस्टॉटलच्या वाटेने गेलं तर माणूस त्याच्या वळणात असतो, आणि वळणाचं वैशिष्ट्य हे, की ते दुसऱ्यात उतरतं. समिट यांच्या १९९६ ते १९९८ च्या विजेत्या संघांतली एक मुलगी, केली जॉली, पुढे केली हार्पर या नावाने २०१९ साली टेनेसीची मुख्य प्रशिक्षक झाली. २०२४ पर्यंत तिने तिथल्या संघाला जे शिकवलं, ते शिकवणं कुणाचं म्हणायचं?

पण सांत्वन स्वस्तात नको. शिकवण शिष्यांत उरते म्हणून विस्मरणाचं दुःख कमी होत नाही. ज्या बाईला स्वतःचं आयुष्य आठवत नाही, तिचं नुकसान तिचंच असतं, ते कुणी भरून देत नाही. एवढंच म्हणता येतं, की आठवण आपल्या हातात नसते, वळण काही अंशी असतं. म्हणून जोवर आठवतंय तोवर ते नीट लावावं, आधी स्वतःला, मग दुसऱ्याला.

पुढच्या वेळी लॉककडे सविस्तर वळू, आणि टॉमस रीडने त्याच्यावर काय आक्षेप घेतला तेही पाहू. आज इथे थांबू या.